शेवटचा ताव

बाइंडिंगखान्यात पाचजणी छापील ताव दुमडायच्या. प्रत्येकीकडे पुस्तकाचा एकच ताव, म्हणजे सोळा पानं. दिवसभर तेवढीच डोळ्यांखालून जायची. मग जेवणाच्या सुट्टीत पहिल्या ताववाली गोष्ट सांगायला लागायची, तिथून दुसरी पुढे न्यायची. शेवटचा ताव थोरलीकडे. ती मुद्दाम आधी पाणी प्यायची, चष्मा पुसत बसायची. धाकटी वैतागायची, "भाव खाऊ नकोस. सांग की गं." घड्या घालणारं वाफेवरचं यंत्र आलं आणि मालकाने चौघींना घरी बसवलं. यंत्राला न पेलणाऱ्या जाड कागदाच्या पुस्तकांसाठी धाकटीला तेवढं ठेवलं. "तुझी चंगळ आहे," तो म्हणाला, "आता अख्खं पुस्तक तुझंच." खरंच, आज तिने पहिल्यांदाच कादंबरी सुरुवातीपासून वाचली. शेवटचे ताव मात्र न वाचताच दुमडले. जेवणाची घंटा झाली. एक ताव थोरलीच्या रिकाम्या स्टुलावर ठेवून ती समोर बसली. "सांग की गं."