अंगावर काढलेलं

सराव संपला तेव्हा वजनं उचलून ओवीच्या मांड्या भरून आल्या होत्या. थेरपिस्टबाईंनी यंत्राचे दोन पट्टे हातात घेतले आणि रोजच्यासारखं विचारलं, “दुखणं कुणाच्या अंगावर काढायचं?”

“माझ्याच,” भिंत धरत आलेले ओवीचे वडील म्हणाले. “मला कुठं वजनं उचलायचीत?”

यंत्राला दुखणं दुसऱ्याच्या अंगात हलवता यायचं, मिटवता यायचं नाही.

ओवीनं पट्ट्यांची अदलाबदल केली; देणाऱ्याचा वडिलांना बांधला, घेणाऱ्याचा स्वतःला.

“पोरी, उद्या स्पर्धा आहे.”

“असू दे, आबा. तुमच्यात साठलंय ते माझंच आहे.”

बटण दाबताच ती कण्हत आडवी झाली. आबा भिंत न धरता उठले आणि तिचे पाय चेपू लागले.

“याला वेळ लागतो,” ते म्हणाले, “पण कुणाच्या अंगावर जात नाही.”