तिसऱ्या रांगेतला कॅमेरा

खटक.

वरदानं डोळे उघडले नाहीत. मुलतानीच्या गंधारावर ती नुकती कुठे स्थिरावत होती, आणि कॅमेऱ्याचा हा अकरावा आवाज होता. मोजायचं नाही असं ठरवूनही ती मोजत होती.

फोटोवाले तिला नवीन नव्हते. आठवडाभर कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये पेशंटना भूल द्यायची आणि रविवारी ट्रेन पकडून गायला जायचं, असं बावीस वर्षं चाललं होतं. लोक फोन वर धरत, फ्लॅश मारत. एका गृहस्थांनी तर ऐन समेच्या तोंडावर "मॅडम, इकडे बघा" म्हटलं होतं. अशा वेळी ती डोळे मिटून घ्यायची, की संपलं.

आज ते जमेना. तिनं हळूच पाहिलं. वेम्बलीचा हॉल दुपारीच भरला होता. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर राखाडी कोटातला एक गोरा माणूस बसला होता. मांडीवर वही उघडी. कॅमेरा तिच्यावर नव्हताच. तो तिच्या उजवीकडे, तबल्यावर बसलेल्या समरवर रोखलेला होता.

तेवढ्यात समरचा ठेका किंचित हलला. श्रोत्यांना कळलंही नसेल, पण वरदाला कळलं. सव्वीस वर्षांचा हा मुलगा चार वर्षं तिच्या साथीला होता आणि लयीतून कधी ढळलेला तिला आठवत नव्हता. आता त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

मध्यंतरात आर्यानं ग्रीनरूमचं दार लावून घेतलं. आर्या पेटीवर साथ करायची. जन्म वेम्बलीचा, काम फार्मासिस्टचं.

"ताई, तो माणूस, ही इज सो वीअर्ड. येताना मला दारात थांबवला. समरचा पूर्ण नाव विचारली, स्पेलिंगसकट. अँड तो यूकेमध्ये किती वर्षं आहे, ते पण."

"तू सांगितलंस?"

"स्पेलिंग सांगितली. मग मला भीती वाटला. मी आत आले."

समरचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपत होता. नव्या अर्जासाठी त्याच्या क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात खेपा चालल्या होत्या, पण विचारलं की "होईल ताई" एवढंच म्हणायचा. लेस्टरच्या एका सतारियाला कुणीतरी मैफलीत काढलेल्या फोटोंवरून म्हणे व्हिसा रद्द होऊन भारतात परत जावं लागलं होतं. खरं-खोटं तिला माहीत नव्हतं, पण ते ऐकल्यापासून ती धास्तावली होती.

समर खिडकीशी उभा होता. हातातलं पाणी तसंच.

"त्या माणसाला ओळखतोस?" तिनं विचारलं.

"नाही ताई. आज पहिल्यांदाच बघतोय."

"मग एवढा घाबरलायस कशानं?"

"हात गार पडलेत, एवढंच." त्यानं हसल्यासारखं केलं. "तुम्ही गा. माझ्यामुळे तुमचं गाणं बिघडायला नको."

बाहेर पॅसेजमध्ये कार्यक्रमाचे आयोजक शशीभाऊ चहाचे कप मांडत होते. तिनं त्यांना गाठलं.

"शशीभाऊ, तो राखाडी कोटवाला कोण आहे?"

"तिकीट काढून आलाय. कसलंसं कार्ड दाखवत होता, पण मी गडबडीत होतो. फोटो काढू नका म्हटलं, तर म्हणाला, फ्लॅश वापरत नाहीये."

कार्ड. म्हणजे व्हिसा खात्याचाच माणूस, वरदानं मनाशी धरलं.

मध्यंतरानंतर द्रुत बंदिश रंगली आणि तिनं समरला वाजवायला जागा दिली. सुरुवातीला तो बिचकला, मग सुटला. असा तबला तिनं त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. हॉल निःशब्द झाला. आणि तो माणूस उठला, थेट मंचापाशी येऊन गुडघ्यावर बसला. खटक. खटक. खटक.

वरदानं हात वर केला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ती चालू मैफलीत थांबली. मागे नुसता तानपुरा वाजत राहिला.

"कृपा करून बाहेर जा," तिनं इंग्रजीत स्पष्ट सांगितलं. "इथे संगीत चाललंय, कुणाची चौकशी नाही."

तो गोंधळला. "मला फक्त एक मिनिट..." म्हणत त्यानं खिशात हात घातला.

"शशीभाऊ, यांना बाहेर न्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. समर अर्धवट उठला. "ताई, अहो..."

तिनं त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं. "मी आहे. तू वाजव."

त्यानं वाजवलं. सम एकदाही चुकली नाही, पण हातात जीव नव्हता.

भैरवी संपली, टाळ्या अजून वाजत होत्या, तोच समर उठून बाहेर पळाला. अनवाणीच. वरदानं ग्रीनरूमच्या खिडकीतून पाहिलं, तर तो ईलिंग रोडवरच्या गर्दीतून वाट काढत स्टेशनच्या दिशेनं धावत होता. घाबरून घरी निघाला असेल, तर बरंच आहे, तिला वाटलं. तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या तबल्याला गवसणी घातली.

वीस मिनिटांनी तो परत आला. धापा टाकत, पाय काळे झालेले.

"असा अनवाणी कुठे गेला होतास?" तिनं विचारलं.

"त्या माणसाच्या मागे. मी प्लॅटफॉर्मवर पोचलो, तोवर ट्रेनची दारं लागली."

"त्याच्या मागे कशाला गेलास, वेड्या? सुटलो म्हणायचं. आता तुझा अर्ज जाईपर्यंत असल्या लोकांना मी तुझ्या आसपास फिरकू देणार नाही."

समर खुर्चीवर बसला.

"ताई, मैफल तुमची होती, म्हणून तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही," तो म्हणाला. "ते संगीताच्या मासिकाचे समीक्षक होते. माझ्यावर इथे काही छापून आल्याशिवाय कलाकाराच्या व्हिसाचा अर्जच जात नाही. चार महिने मेल पाठवून मीच त्यांना बोलावलं होतं."