जिताड्याच्या कालवणातलं मीठ

"मीठ कमी परलंय," म्हणत मालतीबाईंनी जिताड्याच्या कालवणात आणखी एक मूठ टाकली.

टेबलाशी त्यांचा मुलगा हरेश पाण्याचा दुसरा तांब्या संपवत होता. जेवण अजून वाढायचं होतं.

घणसोली गावात मालतीबाईंच्या कालवणाला कुणी नावं ठेवत नसे. बिल्डिंग त्यांची, त्यामुळे चवही त्यांचीच. तळमजल्यावरचा भाडेकरू आशुतोष दर रविवारी वाटी परत करताना "एक नंबर, मावशी" म्हणायचा. त्याचे ओठ सुक्या बोंबलासारखे झाले होते. मांजर स्वतंत्र विचारांची होती. तिने एकदाच चाटून बघितलं आणि कोपरखैरण्याच्या दिशेने निघून गेली.

हे सगळं ब्लडप्रेशरची नवी गोळी सुरू झाल्यापासून. ते फक्त सुनेच्या, नमिताच्या लक्षात आलं होतं. ती आपल्या वाटीतलं कालवण गुपचूप पाण्याने वाढवून खायची. एकदा तिने विषय काढला.

"आई, गोळीने तुमची चव गेली असेल. डॉक्टरांना सांगूया."

"मना चव कलत नाय? सोलापूरची तू! मासा डोक्याकडून खायचा का शेपटीकडून, त्ये कोनी शिकवलं तुला?"

हरेशने मध्यस्थी केली. "कालवन घरातला विषय हाय. दवाखान्यात कशाला?"

दवाखान्यात डॉक्टर विचारायचे, "गोळीचा काही त्रास?"

"काय नाय," मालतीबाई सांगायच्या. खरंच नव्हता. त्रास बाकीच्यांना होता. नमिता बोलायला तोंड उघडायची, सासूबाई बघायच्या, मग ती जांभई द्यायची.

प्रेशर काही उतरेना. डॉक्टरांनी गोळी मोठी केली. गोळीबरोबर मूठही मोठी झाली. एकदा घेरी येऊन मालतीबाई ओट्यापाशी खाली बसल्या. नमिता घाबरून पाणी घेऊन धावली. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "मीठ टाकलं का कुनी?"

मग हरेशचंही प्रेशर वाढलं. डॉक्टरांनी त्याला आईचीच गोळी लिहून दिली. "आनुवंशिक असतं हे," ते म्हणाले.

काही रविवार गेले. एका रविवारी हरेश जेवायला बसला, तो तांब्याला हात न लावताच. कालवण दोनदा मागून घेतलं. बोटं चाटली.

"आये, आज मीठ एकदम बरोबर परलंय."

मालतीबाईंनी सुनेकडे बघितलं. वर्ल्ड कप जिंकलेला कॅप्टन असाच बघतो.

नमिता हात धुऊन सरळ खाली उतरली. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या भिंतीवर औषधाचा दुष्परिणाम कळवायचा टोल-फ्री नंबर लावलेला होता. तिथेच उभी राहून तिने फोन लावला.

"पेशंट स्वतः काही बोलत नाहीत. घरच्यांनी कळवलं तर चालतं का?"

"चालतं की," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनाही लगेच सांगा. आणि गोळी त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. बोला, लक्षण काय?"

नमिताने एकदा वर, आपल्या खिडकीकडे बघितलं.

"मिस्टरांना आज आईच्या हातचं कालवण आवडलं."