दिसतं ते

यादीतलं सानोबर खालाचं नाव खोडायला शोकिरने पेन काढलं होतं.

पाडायच्या घरांची यादी होती ती. भिंतीवरून त्याने दोनदा हात फिरवला. माती-भुशाचं लिंपण ताजं होतं. पण वसंत आला की बुखाऱ्यात सगळ्याच बायका भिंती लिंपतात, त्यात संशय घ्यावा असं काही नव्हतं.

"भिंत ठणठणीत आहे, खाला. नाहीतर शहराबाहेर सातव्या मजल्यावर खोली ठरलेलीच होती तुला."

"तिथे माझं तुतीचं झाड कसं चढणार रे?" खाला हसली. आनंद तिच्या पोटात मावेना. "थांब, चहा घे. आणि माझा पाहुणा बघ. अल्माटीहून आलाय, खास माझं घर रंगवायला."

तुतीखाली दौरेन तीन दिवसांपासून जलरंगात घर उतरवत होता. ब्रश बुडवायला खालाने आपल्या लग्नातला चहाचा कटोरा दिला होता. पाहुण्याला फुटका कसा द्यायचा?

तिने स्वतःच शोकिरचा हात धरून त्याला चित्रापुढे आणलं.

कागदावर ऊन होतं, निळं दार होतं. आणि छपरापासून जोत्यापर्यंत, नदीसारखी वळणं घेत गेलेली एक भेग होती.

शोकिर वाकला. "ही कुठली?"

खालाने चित्र आत्ताच पहिल्यांदा नीट पाहिलं. ती भेग परवा पहाटे तिने एकटीने बुजवली होती. दौरेनने ती त्याच्या आदल्या दिवशीच काढून ठेवली होती.

"मनानेच काढली असेल त्याने," ती म्हणाली. "कलाकार माणूस. हो ना रे, बाळा?"

दौरेनने मान वर केली नाही. "मनाचं नाही काढत मी, खाला. दिसतं तेच काढतो. सगळ्या चित्राचा जीव तर त्या भेगेत आहे."

शोकिरने भिंतीला अंगठा लावून दाबला. ओलं लिंपण आत गेलं.

चहा न घेताच तो निघाला. निळ्या दारावर लाल फुली ओघळत होती.

दौरेनला आता कुठे कळलं. तो ब्रश आवरू लागला.

खालाने कटोरा उचलला, गढूळ पाणी तुतीच्या मुळाशी ओतलं, स्वच्छ पाणी भरून पुन्हा त्याच्यापुढे ठेवलं.

"बस," ती म्हणाली. "फुली काढायची राहिली की तुझी."