मुकी गाडी

"ऐकलंस?" त्याने विचारलं.

"काय?"

"तेच तर! काहीच नाही!"

इंजिन चालू होतं. बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलतसुद्धा नव्हतं. ती बाळाला कडेवर घेऊन उभी होती. बाळाची मूठ तिने आधी उघडून बघितली. नट-बिट काही नव्हतं. मग ती हसली.

मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाला, "वहिनी, आता सांभाळा. नवरा मांजराच्या पावलांनी घरी येणार. इतके दिवस अख्ख्या गल्लीला कळायचं."

खरंच कळायचं. तिसऱ्या मालकाकडून घेतलेली ती पिकअप. सायलेन्सरला भोक, मडगार्ड तारेने बांधलेलं, दारं हुडहुडी भरल्यासारखी खडखडायची. भाड्याचा माल पोचवून तो परत येई, तेव्हा गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की आवाज थेट स्वयंपाकघरात. ती चहाचं आधण ठेवायची. बाळ रडणं विसरून कान टवकारायचं. चहाला उकळी आणि नवरा दारात, एकाच वेळी. मग बाळ त्याच्या हातात देऊन ती ओली दुपटी घेऊन मागच्या भिंतीशी जायची. गाडी तिथे उभी असे. गॅलरीत ऊन येत नव्हतं, पण तापलेल्या बॉनेटवर दुपटी घटकाभरात सुकायची. तेवढा वेळ ती गाडीला टेकून उभी राहायची. एकटी तर ती दिवसभर असायचीच. पण ते एकटेपण निराळं.

मग दुरुस्ती निघाली. सगळे दिवस तो गाडीखाली आडवा. बाहेर दिसायचे फक्त पाय. ती दिवसभराचं त्या पायांनाच सांगायची. आज पालथं पडलं. आज दूध ओकलं, दोनदा. ताप नाही ना, बघशील का जरा? पाय म्हणायचे, "हं." नाहीतर म्हणायचे, "दहा नंबरचा पाना दे."

ती पाना द्यायची.

"एकदा ही नीट झाली ना," एकदा पाय आपणहून बोलले, "की दिवेलागणीच्या आत घरी. बघच तू."

त्या एका वाक्यावर तिने झोपायच्या खोलीचा जाड पडदा उसवला आणि सीटला कव्हर शिवलं. सीट भंगारातून आणलेली, कुठल्याशा मोठ्या मोटारीची. कळ ओढली की मागे कलंडायची.

"गाडी हाकायला कलंडायचं कशाला?" तिने विचारलं.

"असू दे गं. माल भरायला कधी कधी वेळ लागतो."

शेवटी दारांना नवं रबर बसलं. आधी दार धाडकन आपटायचं, आता नुसतं 'फुस्' करून मिटू लागलं. त्याचा चेहरा फुलला होता. "आत बसून बघ एकदा. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही!"

"बाळ आहे कडेवर. पेट्रोलचा वास नको त्याला. नंतर बसेन."

ते नंतर राहूनच गेलं. बाळाला दात येऊ लागले. दिवसभर रडायचं, संध्याकाळी तर घर डोक्यावर घ्यायचं. तिला सोडून कुणाकडे जाईना. गाडी नवी झाली होती, पण दिवे लागून जायचे आणि तो यायचा नाही. ती कान रस्त्याला लावून बसायची. ब्रेक नीट बसवले असतील ना? रस्त्यात बंद तर नसेल पडली? चहा अंदाजाने ठेवायची. दोनदा आटून काळा झाला. आणि काहीच ऐकू न येता एकदम दाराची बेल वाजली की दचकायची.

"गर्दी," तो म्हणायचा. "विचारू नकोस."

ती विचारत नव्हती.

त्या संध्याकाळी बाळ रडून रडून लाल झालं होतं. बेल वाजली.

"काय ती गर्दी! आत्ता कुठे पोचतोय," तो चपला काढत म्हणाला.

"जरा धर याला. दुपटी घालून येते बॉनेटवर."

"आत्ता?" त्याची दुसरी चप्पल पायातच राहिली. "राहू दे ना. सकाळी घाल."

"एक कोरडं उरलं नाहीये अरे. रात्री काय घालू त्याला?"

बाळ त्याच्या हातात देऊन ती जिना उतरली. बादली खाली ठेवून तिने पहिलं दुपटं झटकलं, बॉनेटवर पसरलं आणि सुरकुती सारखी करायला हात फिरवला.

बॉनेट गार होतं.

बाळाचा ताप बघते तसा तिने हात उलटा करून लावला. इकडे, मग तिकडे. दगडासारखं गार. तिने चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं. सीट मागे कलंडलेली होती. तिने शिवलेल्या कव्हरवर हात ठेवला.

कव्हर ऊबदार होतं.

वर न्हाणीघराच्या झरोक्यातून बाळाचं रडणं भिंतीवरून खाली येत होतं. त्यात मध्येच त्याचा आवाज. "आली हं, आई आली हं, आत्ता येईल." बादलीतली दुपटी तशीच होती.  ती आत बसली. पाठ टेकली. दार ओढून घेतलं.

फुस्.

खरंच. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.