दारात आलेली बँक

बँकेचा माणूस स्वतःहून दारात आला, तेव्हाच कस्तुराच्या मनात पाल चुकचुकली. ही बँक गेल्या वर्षी सरकारी झाली म्हणे. आता तिचा अधिकारी, खळदकर, भोसरीच्या उन्हात सायकल ढकलत तिच्या खानावळीपुढं उभा होता.

"बाई, पत्र्याची शेड घाला, मोठी भांडी घ्या. दीड हजार देतो. तारण काही नको."

"तारण न्हाई?" भाकरी थापणारा तिचा हात थांबला. कारखान्यांतली तीस माणसं रोज तिच्याकडं उघड्यावर जेवायची. पाऊस लागला की खानावळ बंद. शेड तिला हवीच होती. "मग तुमाला यात काय?"

"सरकारचं धोरणच आहे. यंदा इतक्या लहान धंद्यांना कर्ज द्या, असा वरून आकडा येतो. इथं अजून एकही झालं नाही."

"म्हंजे तुमचा आकडा भरायचाय."

खळदकर कसनुसं हसला. त्यानं अर्ज पुढं ठेवला, शाईची डबी उघडली.

लाकडं फोडणारा तिचा नवरा धोंडीबा जवळ आला. कारखान्यांसाठी त्यांची जमीन घेतली, तेव्हाचा साहेबही असाच गोड बोलायचा. घरटी एक नोकरी, म्हणाला होता. वर्षानं धोंडीबा कचेरीत गेला, तर खुर्चीत दुसराच. "ते आधीचे साहेब बोलले असतील," एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा फायलीत बघायला लागला.

"घे," धोंडीबा हळूच म्हणाला. "पावसाळा तोंडावर आलाय."

कस्तुरानं पिठाचा हात पदराला पुसला. अंगठा शाईत बुडवला. कागदावर टेकवणार, तोच विचारलं, "साहेब, फेडायचं किती वर्सांत?"

"पाच."

"आन् तुमी हितं किती वर्सं?"

"आमची बदली तीन वर्षांनी होते. का हो?"

धोंडीबानं मान खाली घातली.

कस्तुरानं अंगठा चुलीच्या कडेला घासून पुसला. मग तव्यावरची भाकरी ताटात टाकली, वर पिठलं वाढलं आणि ताट साहेबापुढं सरकवलं.

"जेवा. पैसं नकोत. आन् पुढल्या टायमाला त्या राहिलेल्या दोन वर्सांचा साहेब संगं घिऊन या."