एका जागी

ऑफिसात खुर्चीला चिकटलेल्यांना दर अर्ध्या तासाने उठवायचं खूळ साहेबांचंच. "एका जागी राहिलं की माणूस गंजतो," असं ते ठणकावून सांगायचे आणि मनगटावरचं घड्याळ वाजलं की आधी स्वतः उठायचे. घरी आल्यावर अंथरुणाला खिळलेल्या वडिलांनाही हे सगळं रंगवून सांगायचे.

आज पहिल्यांदाच घरी आलेल्या नर्सने वडिलांना कुशीवर वळवलं आणि ती थबकली. पाठीवरच्या जखमा चिघळल्या होत्या.

"अहो, यांची कूस कुणीच बदलत नव्हतं?"

तेवढ्यात साहेबांचं घड्याळ वाजलं. ते खुर्चीतच बसून राहिले.

भिंतीकडे तोंड असलेले वडील मायेने म्हणाले, "ऊठ बाळा, जरा फिरून ये. एका जागी राहू नये."